बाकीची डिस्क

कॅबिनेटचं झाकण काढलं तेव्हा
पंख्याच्या पात्यांवर कापूस होता,
रस्त्यापलीकडच्या जिनिंगमधून उडत आलेला,
चार हंगामांचा तरी.
आणि पॉवर सप्लायच्या मागे, उबेला,
पालीची दोन अंडी.

"फेकू नको बाई," उकंडराव निमकर म्हणाले
आणि काडेपेटी रिकामी करून दिली.
काड्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या.

दारव्ह्याच्या अलीकडे, फाट्यावरचा स्टुडिओ.
लाइन सातला जाते.
मी यवतमाळहून दीडच्या एसटीनं आलेली,
पर्समध्ये पेनड्राइव्ह, दोन स्क्रूड्रायव्हर, भाकरीचा डबा.

आत तीन हार्ड डिस्क.
एकीवर पांढरी पट्टी, बॉलपेननं: लग्नं, अकरा ते सोळा.
दुसरीवर नुसतं: बाकी.
तिसरी नवी, प्लास्टिकच्या वासाची,
तिच्यावर आज सिस्टीम बसवायची.

पण पडद्याला पट्ट्या वाचता येत नाहीत.
तो म्हणतो ड्राइव्ह शून्य, ड्राइव्ह एक, ड्राइव्ह दोन,
तिघींचं माप सारखं, चारशे पासष्ट,
जशा तिळ्या बहिणी एका कापडाचे परकर घालून उभ्या.
"यातली कोणती?"
"तुले ठाऊक. मले फक्त चेहरे ओळखू येतात जी."

क्लासात पहिल्या आठवड्यात सांगतात:
जिला हात लावायचा नाही, तिची वायर आधी काढ.
मी काढली नाही.
घाई होती, आणि जी कोरी दिसते ती नवी,
एवढं कळतंच की माणसाला.
कोरीवर क्लिक केलं.
टक्के चढत गेले, निमकर मोठ्यानं मोजत राहिले,
लिलावात बोली मोजावी तसे.

झालं. रंगीत पडदा आला.
"आता बाकी काढून दे," ते म्हणाले,
"कपाटात ठेवतो, कुलपात."

काढली. बटण दाबलं.
काळ्यावर पांढरी एक ओळ:
सुरू होण्याजोगं काही सापडलं नाही.

सिस्टीम नवीवरच होती, अख्खी.
फक्त तिला उठवणारी चार फायलींची चिठ्ठी
शून्य नंबरवर जाऊन बसली होती.
शून्य म्हणजे बाकी.

"म्हणजे बाकीबिगर हे उठतच नाही?"
निमकर हसले, मग हसायचे थांबले.

काय आहे तिच्यात, मी विचारलं.
पैसे न देता गेलेल्यांचे अल्बम.
मोडलेल्या सोयरिकींचे साखरपुडे.
डोळे मिटलेले पासपोर्ट फोटो, शेकड्यानं.
आणि एका लग्नाचं शूटिंग.
ती बाई दोनदा आली होती, एकटी,
पुसून टाका म्हणाली.
"मी म्हटलं, पुसलं."

साडेसहाला चार मिनिटं.
या खेपेला दोन्ही वायरी काढल्या,
डिस्का उशीवर ठेवल्या, फोटोत बाळांना टेकवायच्या त्याच उशीवर.
पडद्यावर एकच नाव उरलं.
आधीचं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.
या वेळी टक्के कोणी मोजले नाहीत.

सातला पाच कमी असताना ती एकटी उठली,
कुणाच्या आधाराशिवाय.
मग वायरी परत लावल्या.
लग्नं उघडली: कुणाच्या तरी मांडवात
जांभई देणारा करवला, अडकून पुढे सरकलेला.
शाबूत.
बाकी उघडली.

"त्या बाईचं," मी म्हटलं, "खरंच पुसू का?"
उकंडराव उठले.
"चहा सांगून येतो," म्हणाले.
हॉटेल समोरच आहे, हाक मारली तरी चहा येतो.
ते चालत गेले, चप्पल शोधून, हळू.

शिफ्ट धरून एक बोट.
मशीननं विचारलं, नक्की?
विचारतंच ते.

चहात साखर जास्त होती.
तीनशे ठरले होते, अडीचशे दिले,
पडद्याकडे त्यांनी पाहिलं नाही.
लाइन गेली.

मोबाइलच्या उजेडात झाकण लावताना
त्यांनी काडेपेटी पुढे केली.
"आतच ठेव," म्हणाले, "गरम राहते तिथं."
ठेवली. पंख्यापासून लांब,
वायरींना धक्का न लावता.